परदेशातील सत्र आणि आपली गुणपत्रिका

परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या कोल्हापुरात आता नवीन राहिलेल्या नाहीत आणि अशा प्रत्येक बातमीचा मला मनापासून आनंद होतो. परंतु करार किती झाले आणि किती विद्यार्थी जाऊन आले, एवढ्यावरच या प्रयत्नांचे मोजमाप करणे मला चुकीचे वाटते. तिथे उत्तीर्ण केलेला विषय इथल्या पदवीत धरला जातो का, हे आधी विचारले पाहिजे.

नियमांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार ट्विनिंग पद्धतीत, म्हणजे पदवी इथल्या संस्थेची पण तिचा काही भाग परदेशी संस्थेत शिकायचा अशा पद्धतीत, एकूण क्रेडिटपैकी (अभ्यासाच्या भारानुसार विषयाला ठरवलेल्या श्रेयांकांपैकी) ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेत मिळवता येतात. चार वर्षांच्या पदवीची १६० क्रेडिट धरली, तर ही ४८ होतात, म्हणजे दोन सत्रांहूनही अधिक. खरे काम अडते ते विषयांपाशी. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात, आपल्याकडे ४०. तेव्हा तिथल्या सहा क्रेडिटच्या विषयाला इथे चार द्यावीत, एवढा हिशेब कोणीही करील. तो विषय आपल्या पाचव्या सत्रातील नेमक्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे मात्र अभ्यास मंडळातील प्राध्यापकांनी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून, एकेक घटक तपासूनच ठरवावे लागते. हे आधी झाले नाही, तर परत आलेल्या मुलीला इथले राहिलेले पेपर पुन्हा द्यावे लागतात आणि तिचे एक वर्ष हकनाक जाते. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत आज विद्यार्थी निघण्यापूर्वीच विषयांची यादी निश्चित होते आणि तिच्यावर विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ व यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. आपल्या करारांसोबत अशी यादी जोडलेली असते का, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

परदेशी जाऊन आलेल्यांचे निकाल चांगले लागतात, असे आकडे पुढे केले जातात. ते जपून वाचावेत, कारण जाणारी मुले बहुधा आधीच हुशार आणि सुस्थितीतील असतात. त्यांची तुलना इतर सर्वांशी करून श्रेय प्रवासाला देणे योग्य नव्हे. शिवाय तिथे नुसते राहिल्याने परकी संस्कृती समजते असेही नाही. अमेरिकेतील जॉर्जटाउन प्रकल्पाच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना तिथे असताना मार्गदर्शक शिक्षकाची नियमित साथ होती, त्यांच्या समजुतीत अधिक भर पडली. म्हणजे इथेही प्रश्न पुन्हा शिक्षकांच्या वेळेचाच येतो, आणि तो वेळ त्यांच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे.

राहता राहिला खर्च, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. गावाकडच्या मुलाने शहरात शिकायचे तर तो राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणाचाच भाग मानला आणि १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहत गेली. डॉ. आंबेडकर १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परत गेले, तेव्हाही महाराजांनी त्यांना आर्थिक मदत केली होती. त्याच शहरात परदेशातील सत्र शिक्षण शुल्क माफ असूनही केवळ विमानभाडे आणि राहण्याचा खर्च परवडणाऱ्यांपुरते उरत असेल, तर ते अभ्यासक्रमाचा भाग झाले असे म्हणता येणार नाही. म्हणून विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी वार्षिक अहवालात करारांच्या संख्येशेजारी आणखी तीन आकडे छापावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे: किती विद्यार्थ्यांची क्रेडिट पूर्णपणे धरली गेली, किती जणांची पदवी लांबली, आणि गेलेल्यांपैकी शिष्यवृत्तीवर किती जण गेले.