‘वूफरची वाट लावाल’ या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

काका, नमस्कार. प्रोफाइलवर ‘रिटायर्ड, आता फक्त रेडिओ रिपेअर’ असं वाचलं म्हणून काका म्हणतोय, चुकत असेन तर सांगा. तुमची कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा राग आला, दुसऱ्यांदा वाचली आणि उठून मीटर काढला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी पोस्टमध्ये लिहिलं होतं की थोडा वेळ शांतता झाली की ॲम्प (ॲम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देतो तो) आपोआप स्टँडबायला जातो, म्हणजे झोपतो, त्यावर उपाय म्हणजे २० हर्ट्झचा, म्हणजे एकदम खालच्या सुराचा, अगदी बारीक आवाजातला टोन मागे चालू ठेवा, कानाला कळत नाही पण ॲम्पला कळतं. त्यावर काका म्हणतात, एक तर याने वूफरची (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) वाट लागेल, दुसरं म्हणजे कंपनीने विचार करूनच ती सोय दिलीये आणि मी लोकांना वीज जाळायला शिकवतोय, आणि तिसरं, फोनचा आवाज फुल करा, ॲम्पचा नॉब खाली घ्या, विषय संपला, एवढी लांबड कशाला.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी ते पोस्टमध्ये सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. आमच्याकडे हे सगळं सुरू झालं तेच मुळी बायकोच्या पहाटेच्या रियाजावरून. फोनवर तानपुऱ्याचं ॲप, तिथून वायर ॲक्टिव्ह स्पीकरला (ज्याच्या पोटातच ॲम्प असतो), आणि पोरं झोपलेली म्हणून फोनचा आवाज अगदी खाली. वीसेक मिनिटं झाली की ‘टक्’. तानपुरा गायब आणि ही सा लावून बसलेली, एकटीच. मला वाटलं स्पीकर खराब झाला, दुकानात नेला, दुकानदार म्हणाला सर्किट बदलावं लागेल, आणि बदलायचं तर काहीच नव्हतं. स्पीकर म्हणत होता इथे कोणीच नाहीये, मी झोपतो.

आत होतं ते असं की एक छोटं सर्किट, म्हणजे सेन्सर, इनपुटवर काही मिलिव्होल्ट तरी येतायत का एवढंच बघत असतं. साधारण सीडी प्लेयर किंवा चांगला डॅक (डिजिटल फाइलचा सिग्नल बनवणारा डबा) फुल सिग्नलला २ व्होल्ट देतो. तेच ६० डेसिबल खाली आणलं की उरतात २ मिलिव्होल्ट, आणि मग सर्किटच्या हिशोबाने ती शांतताच. त्यामुळे फोन फुल आणि स्पीकरचा नॉब खाली हा तुमचा उपाय आमच्याकडे शंभर टक्के चालला, तानपुरा तेवढाच हळू ऐकू येतो पण स्पीकरला पोटभर सिग्नल मिळतो. होम थिएटरच्या सबवूफरचंही (फक्त बास वाजवणारा वेगळा स्पीकर, थोडक्यात ‘सब’) तेच आहे, रात्री हळू आवाजात सिनेमा लावला की अर्धा तास नुसते डायलॉग, बास नाही, सब झोपतो आणि मग गाडी उडाली की दोन सेकंद उशिरा जागा होतो. तिथेही रिसीव्हरमधून सबची लेव्हल वाढवायची आणि सबच्या मागचा नॉब तेवढाच कमी करायचा.

पण एक मेख आहे. सेन्सर नॉबच्या आधी असेल तरच हे चालतं. काही ॲम्पमध्ये तो नॉबच्या नंतर बसवलेला असतो, तिथे तुम्ही नॉब खाली घेतलात की सेन्सरलाही तेवढंच कमी मिळणार, म्हणजे हाल तेच. घरी तपासायचं असेल तर नॉब पूर्ण शून्यावर, सोर्सवरून दणदणीत गाणं, आणि अर्धा तास दुसऱ्या कामाला लागायचं. परत येईपर्यंत झोपला असेल तर सेन्सर नॉबच्या नंतर.

आणि दुसरी गोष्ट, ज्यासाठी मी मुळात टोनची भानगड लिहिली. तुमचा उपाय बारीक सिग्नल मोठा करतो. सिग्नलच नसेल तर काय मोठं करणार?

माझ्या मामाला दिसत नाही. तो कॉम्प्युटर स्क्रीन रीडरवर वापरतो, म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते मशीन वाचून दाखवतं. तो विचार करत बसतो, फोनवर बोलतो, चहा घेतो, तेवढ्यात पाव तास होतो आणि स्पीकर झोपतो. मग त्याने एक कळ दाबली की मशीन बोलायला लागतं पण स्पीकरला जागं व्हायला दोनतीन सेकंद लागतात, तेवढ्यात सुरुवात गिळली जाते. एकदा ‘अनसेव्ह्ड’मधलं ‘अन’ गेलं आणि याला ‘सेव्ह्ड’ ऐकू आलं. फाइल बंद केली बिचाऱ्याने. आता त्याला सांगू का की सोर्सचा आवाज फुल कर? शून्याला कितीही गुणलं तरी शून्यच येणार ना. त्याच्या स्पीकरला मागे ऑटो स्टँडबाय बंद करायचं बटण असतं तर मी टोनचं नावही काढलं नसतं, ज्यांच्याकडे आहे त्यांनी तेच वापरा. मामाच्या मॉडेलला ते नाहीये.

आता वूफर. तुमची भीती खोटी नाही, फक्त आकडा बघायला हवा. मी जो टोन वापरतो तो फुल स्केलच्या (फाइलमध्ये मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या) ५४ डेसिबल खाली आहे, म्हणजे २ व्होल्टच्या आउटपुटला ४ मिलिव्होल्ट. ॲम्पने त्याला २० पट केलं, तेही नॉब पूर्ण उघडा धरून, तर स्पीकरवर ८० मिलिव्होल्ट. ८ ओहमला तो होतो ०.८ मिलिवॉट. एक वॉटचा हजारावा भागसुद्धा नाही, वूफरमधली तारेची कॉइल गरम व्हायचा प्रश्नच नाही. ऐकू येईल का, तर एक वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर धरला तरी हे ५७ च्या आसपास जातं, आणि २० हर्ट्झ माणसाला जेमतेम कळायलाच ७८ डेसिबल लागतात. शिवाय टेबलावरचे छोटे स्पीकर २० हर्ट्झला त्यातलंही फारसं काही देत नाहीत.

पण हाच टोन कोणी फुल स्केलवर बनवला आणि नॉब उघडा असला तर ४० व्होल्ट, ८ ओहमला २०० वॉट (ॲम्पची तेवढी ताकद असली तर), आणि पोर्टवाल्या (खोक्याला हवेसाठी भोक असलेल्या) स्पीकरमध्ये एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीला कोनला (हलणाऱ्या पडद्याला) मागून हवेचा आधारच नसतो, तो नुसता फडफडतो. तेव्हा तुम्ही म्हणता तशी वाट लागेल. मी पोस्टमध्ये ‘बारीक टोन’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो, ती चूक माझी. आता स्पष्ट लिहिलंय: ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टोन जनरेट करताना ॲम्प्लिट्यूडच्या खान्यात ०.००२ टाका, वेव्ह फाइल काढा, लूपवर लावा. फाइलच बारीक पाहिजे, मोठी फाइल बनवून स्लायडर खाली ओढायचा नाही, स्लायडर कोणीही चुकून वर करतं. आणि ‘त्यापेक्षा १९ किलोहर्ट्झ का नाही’ असं विचारणाऱ्यांना, तो लहान मुलांना आणि कुत्र्यांना ऐकू येतो, आणि लेव्हल चुकली तर बळी ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा).

विजेचं. कंपनीने विचार करून दिलंय हे अर्धंच खरं आहे, विचार युरोपियन युनियनने केलाय. त्यांचा १२७५/२००८ नावाचा नियम होता (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला), २०१० पासून स्टँडबायला १ वॉटची मर्यादा, २०१३ पासून अर्धा वॉट (डिस्प्ले असेल तर दुप्पट सूट), आणि २०१३ पासूनच काम नसेल तर वस्तूने आपणहून झोपावं अशी अट. त्या नियमाला हळू आवाजातला तानपुरा आणि रिकामी खोली यातला फरक कुठून कळणार. तरी नियम वाईट नाही. माझा हॉलमधला जुना ॲम्प काही न वाजवता २५ वॉट खातो, चोवीस तास वर्षभर ठेवला तर २१९ युनिट, झोपलेला अर्ध्या वॉटचा असता तर साडेचारच्या आत. हे मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं आणि तुम्ही झापलंत ते योग्यच. मामाचे स्पीकर ६ वॉटचे, टोन फक्त कॉम्प्युटर चालू असताना, दिवसाला १४ तास धरले तरी वर्षाला ३१ युनिट होतात. त्या ‘अन’साठी एवढं मला चालतं.

गंमत म्हणजे आमच्या गावच्या घरी ॲम्प कधीच झोपत नाही. टोन नाही, काही नाही. अर्थिंगचे तीनतेरा, वायरमधून सतत ५० हर्ट्झची घुरघुर, आणि सेन्सरला वाटतं मैफल चालूये.

तर पोस्टमध्ये क्रम बदललाय. आधी मागचं बटण शोधा, मग तुमचा फोन-फुल-नॉब-खाली, आणि दोन्ही जमलं नाही तरच टोन, आकड्यासकट. तुमच्याकडच्या ॲम्पमध्ये सेन्सर नॉबच्या कुठल्या बाजूला निघतो ते बघितलंत तर मॉडेलसकट इथेच खाली टाका, मला यादी करायचीये.