जॉन आणि पॉल शेवटपर्यंत बोललेच नाहीत? हा मेसेज चुकीचा आहे

बीटल्स हा इंग्लंडचा चौघांचा बँड फुटल्यावर त्यातल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीने एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही, जॉन गेला तेव्हाही अबोलाच होता, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. भांडण झालं हे खरंय, पॉलने 1970 च्या 31 डिसेंबरला बाकी तिघांविरुद्ध लंडनच्या कोर्टात केस टाकली, 1971 मध्ये जॉनने अख्खं गाणं करून त्याला झोडपलं आणि त्यात गिटार वाजवली बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसनने, म्हणजे बघा. पण अबोला काय कायम राहिला नाही. 1974 मध्ये दोघं लॉस एंजेलिसकडे एका स्टुडिओत एकत्र वाजवत बसले होते, त्याचं रेकॉर्डिंगही आहे. आणि एप्रिल 1976 मध्ये पॉल न्यूयॉर्कला जॉनच्या घरी टीव्ही बघत बसलेला, त्या शोमध्ये निर्मात्याने गंमतीत ऑफर दिली की बीटल्स परत एकत्र या, 3000 डॉलर देतो, तर हे दोघं टॅक्सी करून जाणारच होते पण दमले होते म्हणून राहिलं. हे जॉननेच 1980 च्या मुलाखतीत सांगितलंय. शेवटचा फोनही गोडीतच झाला होता असं पॉल सांगतो. तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, पाठवला असेल तर तिथे हा टाका.