नागीण, क्षय आणि ‘हरलेली’ प्रतिकारशक्ती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुनाट संसर्गांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. टी-पेशी (संसर्ग ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) ‘थकतात’ म्हणून नागीण होते, हे माझे स्पष्टीकरण आपल्याला चुकीचे वाटते. आणि विषाणू आयुष्यभर शरीरात राहत असेल तर प्रतिकारशक्ती हरली असे सरळ म्हणावे, तिच्यावरचे लगाम औषधाने काढून टाकावेत, असे आपण सुचवता.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मी दोन निराळ्या गोष्टी एकत्र केल्या. दीर्घकालीन हिपॅटायटिस बी मध्ये विषाणूची प्रथिने वर्षानुवर्षे रक्तात वाहत असतात. शत्रू सतत समोर दिसत राहिल्याने टी-पेशींवर पीडी-१ सारखे रोधक ग्राहक (पेशीला आवर घालणारे तिच्या पृष्ठभागावरचे रेणू) वाढतात आणि त्यांची मारकशक्ती उतरते. थकवा तो हा. नागीण ज्याच्यामुळे होते तो कांजिण्यांचा विषाणू मात्र मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये जवळजवळ निपचित पडून असतो, त्यामुळे तिथे थकव्याची गोष्ट लागू पडत नाही. वय वाढते तसा या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींचा प्रतिसाद क्षीण होतो, प्रतिपिंडे मात्र रक्तात टिकून राहतात. म्हणूनच चाचणीत प्रतिपिंडे सापडणाऱ्या माणसालाही नागीण होते. आधी काही दिवस नुसती आग आणि ठणका, मग छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड, आणि तो पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतो, कारण विषाणू एकाच गाठीतून एकाच चेतातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत आलेला असतो.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. चेतापेशी मेली तर तिच्या जागी नवी येत नाही, त्यामुळे संसर्ग झालेली प्रत्येक पेशी मारून टाकणे हा इथे विजय ठरत नाही. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूवर उंदरांत झालेल्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसली: मारक टी-पेशी संसर्गित चेतापेशीला बिलगून राहतात, ग्रॅन्झाइम बी हे आपले विकर (एन्झाइम) तिच्यात सोडतात, ते विकर विषाणूला जागे होण्यासाठी लागणारे प्रथिन तोडते, आणि चेतापेशी जिवंत राहते. ज्या हत्याराने एरवी पेशी मारली जाते, त्याच हत्याराने इथे तिला वाचवले जाते. याला हार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पीडी-१ सारख्या लगामांविषयी तर फारच सावध राहायला हवे. पीडी-१ ला रोखले की थकलेल्या टी-पेशी पुन्हा कामाला लागतात, हे २००६ साली उंदरांत दिसले. पण त्याच अभ्यासात, ज्या उंदरांत पीडी-१ शी जुळणारा रेणू जन्मतःच नव्हता, ते दीर्घकालीन संसर्ग करणाऱ्या विषाणूने नव्हे, तर स्वतःच्याच बेभान प्रतिसादाने मेले. क्षयाचे जिवाणू दिलेल्या पीडी-१ विरहित उंदरांच्या फुफ्फुसांत तर जिवाणू कमी होण्याऐवजी वाढले. उलट बाजूने पाहिले तर, संधिवातावर टीएनएफ (प्रतिकारशक्तीचे दाह घडवणारे एक प्रथिन) रोखणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत सुप्त क्षय उफाळल्याचे २००१ मध्ये नोंदवले गेले, आणि त्यामुळेच आता ही औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी केली जाते. क्षयाच्या गाठीत जिवाणू कोंडून ठेवण्याचे काम किती नाजूक तोलावर चालते, हे त्या रुग्णांनी सोसून दाखवले आहे.

मूळ लेखातील नागिणीचा परिच्छेद मी आज बदलला आहे. ‘थकवा’ हा शब्द आता फक्त हिपॅटायटिसच्या भागात आहे.