सापडलेली पिशवी : एका वाचक भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं, पण त्यात राग फार उतरला म्हणून खोडून टाकलं. आज सुट्टी आहे, घर शांत आहे, नीट लिहिते.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिंतूरहून परभणीला येताना आमच्या ह्यांना एसटीच्या सीटवर एक पिशवी सापडली. "डेपोत जमा केली, सही करून आलो," असं त्यांनी मला सांगितलं. यंदा मे महिन्यात विम्याचे कागद शोधायला मी पत्र्याची पेटी उघडली. जुन्या डायरीत सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळलेली चांदीची जोडवी होती आणि मोंढ्यातली आडतीची पट्टी, म्हणजे आडत्यानं दिलेली विकल्या मालाची पावती, होती. पिशवी डेपोत कधी गेलीच नव्हती. आतले एकोणीस हजार सहाशे रुपये दिवाळीत खर्च झाले होते. हे सगळं मी लेखात लिहिलं.

त्यावर तुम्ही लिहिलंत : "ताई, सापडलेली वस्तू म्हणजे चोरी नव्हे, देवानं दिलेलं असतं. लोक कोट्यवधी खाऊन उजळ माथ्यानं फिरतात आणि तुम्ही वीस हजारांसाठी स्वतःच्या नवऱ्याची इज्जत चव्हाट्यावर आणली. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय त्या पैशातलं तुम्हीही खाल्लंच की." आणि शेवटी एक वाक्य होतं, त्याच्याकडे मी शेवटीच येते.

तुमचा चौथा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. हो भाऊ, खाल्लं. त्या दिवाळीत घरात नवा मिक्सर आला. शेंगदाण्याची चटणी, पुरणासाठी डाळ, सगळं सात महिने त्यात वाटलं. "बोनस थोडा जास्त आला," असं हे म्हणाले होते आणि मी पावती मागितली नाही. तेवीस वर्षांच्या संसारात कोण मागतं? पण 'माहीत नव्हतं' एवढ्यावर मी सुटत नाही. माहीत झाल्यावर गप्प बसले असते, तर मग मात्र तुमचं म्हणणं पुरेपूर लागू झालं असतं.

आता 'देवानं दिलं'. मी वकील नाही, पण त्या आठवड्यात कायदा वाचून काढला, कारण घरात हाच वाद चालला होता. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आणि त्याआधी दंड संहितेचं ४०३, दोन्ही ह्याच गोष्टीबद्दल आहेत. त्यातली उदाहरणं आपल्या बोलण्याइतकी सोपी आहेत. रस्त्यात एक रुपया पडलेला दिसला, कुणाचा ते माहीत नाही, तुम्ही उचललात, तर गुन्हा नाही. पण रस्त्यात पत्र सापडलं, त्यात नोट आहे, पत्रावरून मालक कोण ते कळतंय आणि तरी नोट ठेवून घेतली, तर गुन्हा आहे. नव्या संहितेत शिक्षा किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, शिवाय दंड. १८७२ च्या करार कायद्यातही (कलम ७१) म्हटलंय की सापडलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली, त्याच्यावर ती ठेव म्हणून सांभाळायची जबाबदारी येते. म्हणजे उचलेपर्यंत तुम्ही मोकळे असता. उचललीत की राखणदार झालात.

आणि आमच्या पिशवीत काय होतं? मोंढ्यातली पट्टी. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, सोयाबीन पाच क्विंटल, भाव ४१००, हमाली-तोलाई वजा, हातात वीस हजार तीनशे, सगळं लिहिलेलं. त्या वर्षी हमीभाव ४८९२ होता. म्हणजे त्या घराचे जवळजवळ चार हजार रुपये मोंढ्यातच गेले होते. उरलेले सीटवर राहिले. मालक शोधायला पोलीस लागणार नव्हते, दीड ओळ वाचावी लागली असती. ह्यांनी ती वाचली होती. पट्टी घडी घालून ठेवली होती, फाडून टाकली नव्हती. ती का ठेवली, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

पण तुम्ही म्हणता तो रिवाज आपल्याकडे आहे, हे मी नाकारत नाही. मी शेतकऱ्याचीच लेक आहे. वाटेनं जाताना हरभऱ्याचे ढाळे उपटून खाल्ले, हुरड्याच्या दिवसात दोन कणसं घेतली, उसाच्या ट्रॉलीतून पोरांनी कांडं ओढलं, ह्याला आमच्या गावात कुणी चोरी म्हणालं नाही. माझे आजोबा म्हणायचे, "खाऊन जा, बांधून नेऊ नको." धुऱ्यावर बसून खाल्लेलं शेतमालकाच्या डोळ्यांसमोर असतं, त्याला ते मान्य असतं. पदरात बांधून नेलेलं त्याला माहीत नसतं. चोरी कुठं सुरू होते, हे ओळखायला त्यांना एवढं पुरत होतं.

लेखात एक गोष्ट मी लिहिली नव्हती, धीर झाला नव्हता. पेटीतून ती जोडवी निघाल्यावर मी आमच्या स्वयंपाकघराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, तुम्हाला माहीतच आहे. आमच्या फळीवर एका पेल्यावर "कै." असं कोरलेलं होतं, पुढं नाव आणि "यांच्या स्मरणार्थ". कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं देवळाच्या पंगतीला दिलेला पेला आमच्या घरात होता आणि मी त्यातून पाणी पीत होते. दोन ताटांवर ओळखीच्या नसलेल्या आडनावांची नावं. हॉटेलातले चमचे. ऑफिसातले कागदांचे गठ्ठे आणि ट्यूबलाइट. मी प्रत्येक वेळी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी 'लग्नात भांड्यांची अदलाबदल झाली असेल' असं स्वतःला सांगितलं होतं. वीस हजारांची पिशवी एका दिवसात उचलली गेली नाही भाऊ. ती पेल्यापासून उचलली जात होती, आणि मी ते पाहत होते.

ह्या पेल्यासारख्या किरकोळ चोरीचाही कायद्यानं वेगळा विचार केलाय. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस, आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. मला ते पटलं. आधी परत कर, मग पुढचं.

कोट्यवधी खाणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणते की ते माझ्या ताटात जेवत नाहीत. त्यांना मी मत देऊन किंवा न देऊन जे करायचं ते करीन. हे माझ्या घरातलं होतं. आपण मराठवाड्यातली माणसं नाथांना मानतो. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक सापडत नव्हती म्हणून नाथ रात्रभर हिशेब घेऊन जागले आणि ती सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट नाथषष्ठीला पैठणला जाताना माझ्या वडिलांनी मला किती वेळा सांगितली असेल. पै किती छोटी, हे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

आता 'चव्हाट्यावर का आणलं'. इथं तुम्ही मला सगळ्यात जास्त दुखावलंत, आणि ह्याचंच उत्तर मला सगळ्यात नीट द्यायचंय.

चव्हाट्यावर हे मी आत्ता आणलेलं नाही. २०२४ च्या दिवाळीतच आणलं होतं. हे म्हणाले, "जमा केली," आणि माझा ऊर भरून आला. त्याच आठवड्यात मी इथं लेख लिहिला. तुमच्यापैकी कित्येकांनी खाली 'अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय' असं लिहिलं होतं. शाळा उघडल्यावर परिपाठात बोधकथा म्हणून मी तीच गोष्ट सहावीच्या पोरांना सांगितली. माहेरी सांगितली, शेजारणींना सांगितली. आणि ज्या ज्या वेळी मी ती सांगितली, त्या वेळी हे जवळ असले तर खाली बघायचे. मला वाटायचं, कौतुकानं संकोचलेत.

पैसे गेले, ते भरता आले. पण माझ्या तोंडून सात महिने खोटं वदवलं गेलं, आणि ते मी पोरांसमोर, खरं म्हणून, गहिवरून सांगत होते. नवऱ्यानं पिशवी ठेवली ह्याचा राग येऊन गेला. ही गोष्ट अजून रात्री उठवते. कौतुक चारचौघांत केलं असेल, तर दुरुस्ती कानात कशी करायची? जूनमध्ये परिपाठात मी उभी राहिले आणि म्हणाले, "मागच्या वर्षी सांगितलेली गोष्ट खरी नव्हती, मला चुकीचं सांगण्यात आलं होतं." पोरं गप्प झाली. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग ज्यांची पिशवी होती त्यांना मिळाली का?" तिला 'हो' म्हणता आलं, हे माझं नशीब.

तुमच्या म्हणण्यातलं एक मात्र मी धरून चालले. नवरा-बायकोतलं बोलणं बाहेर जाऊ नये, ह्याला कायद्यातही मान आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये म्हटलंय की संसारात जोडीदारानं सांगितलेली गोष्ट उघड करायला कोर्टसुद्धा भाग पाडू शकत नाही, आणि सहसा ती सांगायची तर सांगणाऱ्याची संमती लागते. मी तीच घेतली. लेख आधी ह्यांना वाचून दाखवला. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आधीचं वाचलेल्यांना हे पण वाचू दे." त्यानंतरच तो इथं आला.

आमच्या आत्याबाईंचंही तुमच्यासारखंच होतं. "बाईनं नवऱ्याचं झाकावं." झाकलं असतं आत्याबाई, मूठ आपली असती तर. त्या मुठीत दुसऱ्याचे पैसे होते.

आणि 'वीस हजार' हा आकडा तुम्ही लिहिलात म्हणून त्या गावात काय झालं ते सांगते. ह्यांनी सोसायटीतून उचल घेतली आणि आम्ही दोघं पट्टीवरच्या पत्त्यावर गेलो. घर सापडायला पाच मिनिटं लागली. पिशवी एका साठीतल्या मावशींची होती. त्यांनी मोंढ्यावर सोयाबीन घातलं, सोनाराकडून सुनेची सांधलेली जोडवी घेतली, एसटीत बसल्या आणि फाट्यावर उतरताना पिशवी सीटवर राहिली. घरी सांगितलं तर कुणाला पटलं नाही. पोराला वाटलं, आईनं पैसे लेकीला नेऊन दिले. सुनेला वाटलं, जोडवीसुद्धा नणंदेच्याच पायात गेली. लेकीचं माहेरी येणं बंद झालं. मावशी म्हणाल्या, "सात महिने झाले, पोरगं मला आई म्हणून हाक मारंना. समोर बसून जेवायलंय, पण बोलंना."

हे ओसरीवर उभे होते. मी काही बोलणार नाही, असं आधीच ठरवलं होतं. त्यांनी स्वतः सांगितलं, "मावशी, तुमची पिशवी मलाच सापडली होती. मीच ठेवली." पोरगा दारात आला होता, त्यानं ऐकलं. तो अंगावर धावून येईल असं मला वाटलं. तो काही न बोलता गोठ्याकडे निघून गेला. मावशींनी नोटांना हातही लावला नाही. गुलाबी कागद उघडला आणि आत हाक मारली, "इकडं ये गं, ही बघ तुझी जोडवी." सून आली, तिनं जोडवी हातात घेतली आणि सासूच्या पायाशी खाली बसली.

आम्ही चहा न घेता निघालो. त्यांनी थांबा म्हटलं होतं, आम्हाला थांबवेना. जे परत करायला आम्ही गेलो होतो त्यातलं अर्धं तरी परत करता येण्यासारखं नव्हतंच. ते सात महिने कुठून आणणार होतो?

ह्यांच्यावर आता विश्वास आहे का, असं इथं अनेकींनी विचारलंय. पूर्वीसारखा नाही. पावती मागते. त्यांना ते लागतं, मला दिसतं, तरी मागते. पेला देवळात नेऊन दिला. दोन ताटांचे मालक अजून शोधायलोत.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. "मलाही पूर्णा स्टेशनवर एकदा मोबाइल सापडला होता, सिम काढून आजही वापरतो, मग मीही चोर का?" सगळ्या प्रतिक्रियेत हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा वाचलं. कुणी उगीच असं लिहीत नाही भाऊ. चोर म्हणून तुम्हाला हिणवायचं नाही मला. सिम काढलंत, त्या क्षणी मालकाची हाक बंद केलीत, एवढं मात्र सांगते. त्याचा फोन त्या सिमवरच आला असता.

पण अजून वेळ गेलेली नाही. फोनवर *#०६# दाबलंत की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. २०२३ पासून 'संचार साथी' पोर्टलवर हरवलेल्या फोनची नोंद ह्याच नंबरानं होते. मालकानं तक्रार केली असेल तर हाच नंबर त्याच्या कागदावर असेल. फोन आहे तसा लोहमार्ग पोलिसांकडे घेऊन जा, कधी आणि कुठल्या फलाटावर सापडला ते खरं सांगा, आणि दिल्याची पोच घ्या. त्यातले फोटो पुसू नका. फोनपेक्षा त्या फोटोंसाठीच कुणी वाट बघत असेल.

तुमची प्रतिक्रिया ह्यांनीही वाचली. शेवटच्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "त्यांना लिही, एकट्याला जायला जड वाटत असेल तर मी पूर्ण्याला येतो सोबत. रविवारी मोकळाच आहे."

कळवा.