प्रतिक्रियेला उत्तर : पॅनेलच्या पोटात ग्राफिक्स कार्ड का नको

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : फाउंड्रीतल्या ऑल-इन-वन संगणकाला (पडदा आणि संगणक एकाच डब्यात असलेल्या पॅनेलला) प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं, हे माझं म्हणणं जुनाट आहे आणि त्याने लहान कारखानदाराची दिशाभूल होते. शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या शॉपवर जे१९०० प्रोसेसरचा पॅनेल आठ कॅमेरे दाखवताना अडखळतो. पुढे कास्टिंगची तपासणीही एआयने करायची आहे. मग थोडे पैसे जास्त घालून आरटीएक्स (एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड) असलेलाच का घेऊ नये?

अडखळण्याचा त्रास खरा आहे. पण तो कार्ड नसल्यामुळे होतोय, असं मला वाटत नाही.

जे१९०० हा २०१३चा प्रोसेसर. कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाबून पाठवण्याच्या एच.२६४ (जुनी) आणि एच.२६५ (नवी) अशा दोन पद्धती. एच.२६४ व्हिडिओ तो ग्राफिक्सच्या भागात उलगडतो, एच.२६५ मात्र त्याला हार्डवेअरमध्ये जमतच नाही. तुमचे नवे कॅमेरे एच.२६५वर असतील, तर आठही प्रवाहांचा भार चार लहान कोअरवर पडतो आणि पडदा गोठतो. नंतरच्या पिढ्यांत ही सोय इंटेलच्या साध्या प्रोसेसरमध्येही आली. आजचा एन९७ फक्त १२ वॅटचा आहे, आणि हे काम तो कार्डाशिवाय करतो. मात्र सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ ग्राफिक्सच्या भागात उलगडणं) चालू हवं. अशा नव्या प्रोसेसरवर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख असतो. कॅमेरे चालू असताना तो सपाट असेल आणि सीपीयू शंभराला टेकलेला असेल, तर दोष सेटिंगचा. शिवाय आठ चौकटींच्या दृश्यात प्रत्येक कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह कशाला? तिथे सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचा कमी रिझोल्यूशनचा प्रवाह) लावावा, चौकट मोठी केली की मुख्य.

आय५-११३५जी७सारखा मोठा प्रोसेसर घेणार असाल, तर एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्या : रॅम दोन चॅनेलमध्ये, म्हणजे दोन स्टिक लावून, आहे का? आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच खातं. डीडीआर४-३२०० एका चॅनेलमध्ये सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलमध्ये ५१.२. एकच स्टिक असेल तर विंडोज त्या ग्राफिक्सला ‘आयरिस एक्सई’ म्हणतही नाही, नुसतं ‘यूएचडी’ दाखवतं. एका स्टिकची बचत करून निम्मी बँडविड्थ (मेमरीचा वेग) घालवलेले पॅनेल सर्रास विकले जातात, आणि मग ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स बेकार’ असं नाव पडतं. याची मला खरोखर चीड येते. (एन९७ला मुळात एकच चॅनेल आहे, तिथे हा प्रश्न नाही.)

आता उष्णता. आरटीएक्स ए२००० हे त्या कुळातलं कमी खाणारं कार्ड, तरी ते ७० वॅटचं. पंखा नसलेल्या बंद पॅनेलमध्ये ही सगळी उष्णता पाठीच्या पंखांसारख्या पट्ट्यांतूनच बाहेर जायची, आणि वर पडद्याच्या बॅकलाइटची उष्णता वेगळी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. पंखा बसवला तर तुमच्या मोल्डिंगच्या जागेतली सिलिका वाळू, बेंटोनाइट आणि कोल डस्ट तो थेट बोर्डावर ओढणार. समोरच्या बाजूचं आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानक) इथे कामाला येत नाही, कारण धूळ मागून शिरते.

सुटे भाग हाही मोठा मुद्दा. आरटीएक्सची पिढी साधारण दोन वर्षांनी बदलते : २०१८, २०२०, २०२२, २०२५. पॅनेलवर वापरली जाणारी दीर्घ मुदतीची विंडोज, म्हणजे विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१, हिला मात्र जानेवारी २०३२पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. सहा वर्षांनी कार्ड जळालं, तर तेच कार्ड त्या आकारात कुठून आणणार?

एआय तपासणीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. ब्लोहोल (वायूने पडलेली पोकळी) किंवा सँड इन्क्लुजन (धातूत अडकलेली वाळू) शोधायला, कॅमेरे अनेक असतील आणि लाइन वेगवान असेल, तर वेगळं कार्ड लागेल. पण ते पॅनेलमध्ये का? कार्ड असलेला संगणक फिल्टर आणि कूलिंग असलेल्या कपाटात किंवा ऑफिसच्या खोलीत ठेवा. कॅमेरे इथरनेटने त्याला जोडा आणि निकाल पॅनेलच्या ब्राउझरमध्ये दाखवा. उद्या मॉडेल वाढलं, तर तेवढा एक डबा बदलता येईल आणि ऑपरेटरचा पडदा चालूच राहील. एकच कॅमेरा आणि सावकाश लाइन असेल, तर ओपनव्हिनो (एआय मॉडेल चालवण्याचं इंटेलचं सॉफ्टवेअर) वापरून नव्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सवरच आधी चाचणी घ्या, कार्डाचा खर्च कदाचित लागणारही नाही.

पुढच्या शिफ्टला एका कॅमेऱ्याचा कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) एच.२६४ करा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा सीपीयूचा आकडा पाहा आणि इथे लिहा. त्यावरून पुढचं ठरवू.