"काही लागलं तर सांग" म्हणणं बंद करा

"काही लागलं तर सांग, संकोच करू नको." मनापासून म्हणतो आपण. पण काय लागेल ते ओळखायचं, कुणाला मागायचं ते ठरवायचं, मग फोन करायचा, ही तिन्ही कामं पडतात आधीच वाकलेल्या माणसावर. त्यापेक्षा "गुरुवारी चार वाजता मुलांना शाळेतून मी आणतो, चालेल?" असं विचारा. काम, वार, वेळ ठरलेली असली की समोरच्याला फक्त हो किंवा नको म्हणायचं उरतं.

ग्रुपवर "कोणी येऊ शकेल का?" टाकलं की पन्नास जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, जाईल कोणीतरी. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोगात हेच दाखवलं: फिट आलेल्या माणसाचा आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक फिट संपायच्या आत मदतीला उठले, आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्केच. म्हणून नाव घेऊन, शक्यतो फोन करूनच विचारा.

लांबलेल्या आजारपणात खरी कसोटी लागते. पहिल्या आठवड्यात दारात गर्दी, तिसऱ्या आठवड्यात कोणी फिरकत नाही. यावर उपाय अगदी साधा: घरच्यांपैकी नसलेल्या एकाने तक्ता सांभाळायचा. तारीख, वेळ, काम, नाव आणि राखीव नाव. हा शेवटचा रकाना सगळे गाळतात, आणि तिथेच घोळ होतो. ज्याची पाळी तोच तापाने पडला की रुग्ण एकटा. सुरुवातीला आलेल्यांपैकी निम्म्यांना सरळ सांगा, "तुम्ही तिसऱ्या आठवड्यापासून या." दर दोन आठवड्यांनी तक्ता दुसऱ्याकडे द्या, नाहीतर तो एकटा माणूस दमतो आणि मग चिडतो. (चिडलेला समन्वयक नसलेल्यापेक्षा वाईट.) पैशांचा हिशेब वेगळा, दोघांच्या नजरेखाली. आजाराचा तपशील तक्त्यात नको.

आता थोडं न पटणारं. नुसती मदत देत राहिलात तर समोरचा मिंधा होतो आणि हळूहळू तुम्हाला टाळू लागतो. म्हणून तुम्हीही मागा, आणि खरंच गरज असलेलं मागा. उगाच मान राखायला मागितलेलं लगेच कळतं. अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा फोनवरून पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लावू शकतो. बऱ्याचदा तोच सगळ्यात नीट लावतो, कारण कोण वेळेवर येतं ते त्यालाच ठाऊक असतं.