सहाव्या पट्ट्याचं भांडण

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी सहसा काही लिहीत नाही. टँकर, पार्किंग, लिफ्टमध्ये कुणाच्या कुत्र्यानं काय केलं, एवढं वाचायचं आणि फोन खाली ठेवायचा. फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, मेंटेनन्स माझ्या खात्यातून जातो, तेवढाच माझा संबंध. पण यंदा मराठी भाषा गौरव दिनाला मागच्या कंपाउंड वॉलवर इंद्रधनुष्य काढायचं आणि प्रत्येक पट्ट्यावर रंगाचं मराठी नाव लिहायचं ठरलं, आणि सहाव्या पट्ट्यावर घोडं अडलं.

तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळेत घोकलेलं, झोपेतही म्हणता येतं. तर बी विंगमधल्या एका काकांचं म्हणणं, पारवा काढून टाका. "पारवा म्हणजे कबूतर. कबूतर राखाडी असतं. मुलं हसतील. सरळ इंडिगो लिहा, सगळ्यांना कळतं." खाली अकरा अंगठे.

सगळ्यांना कळतं म्हणे! ऐरोलीत इंडिगो म्हटल्यावर रंग आठवणारा एक माणूस दाखवा. आधी ती डिकीवाली टाटांची गाडी होती, आता विमान आहे. मी डिसेंबरात घरी आले की शेजारच्या काकू विचारतात, "इंडिगोनं आलीस का गं?" त्यात रंग कुठे आला?

मग कुणीतरी फोनवर शोधून इंडिगोचा एक चौकोन ग्रुपवर टाकला. तो जांभळा निघाला. आता निराळाच वाद: हा तर सातवा पट्टा, मग सहावा कुठला? खरं तर यात काही गूढ नाही. संगणकाच्या रंगांच्या यादीत इंडिगो या नावाला लाल 75, हिरवा 0, निळा 130 असं माप दिलेलं आहे. इतका लाल घातल्यावर तो जांभळाच दिसणार. खऱ्या निळीत बुडवलेलं कापड असं दिसत नाही. अंगातली जीन्स बघा, गुडघ्याजवळ विटलेली नको, खिशाच्या आत लपलेली बघा. त्या कापडात उभा धागा तेवढा निळीत बुडवतात, तोही वरवर, आडवा पांढराच राहतो. म्हणून तर ती घासली की पांढरी पडते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. शनिवारची दुपार होती, फांडच्या, म्हणजे दुकानात परत दिल्या की अनामत मिळते त्या, रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून दारात ठेवल्या होत्या, नवरा खाली वाट बघत होता, आणि मी बूट घालून, उभ्या-उभ्या, दोन अंगठ्यांनी मराठी टाईप करत होते.

मी राहते जर्मनीत, मानहाइमला. नदीच्या पलीकडे लुडविग्सहाफेन आणि तिथला तो बीएएसएफचा अजस्र कारखाना. त्याच्या नावातली चार अक्षरं आमच्या इथे कुणी सोडवत बसत नाही, पण मी सोडवली आहेत: बाडिशे आनिलिन उंड सोडा फाब्रिक. यातलं आनिलिन बघा. आपल्या संस्कृतातलं नील अरबीत जाऊन 'अन-नील' झालं, पोर्तुगीजांनी त्याचं 'अनिल' केलं, आणि एकोणिसाव्या शतकात निळीपासून काढलेल्या एका द्रवाला रसायनवाल्यांनी त्यावरून आनिलिन म्हटलं. म्हणजे जर्मनीतला सगळ्यात मोठा रसायनांचा कारखाना दीडशेहून जास्त वर्षं आपली नीळ नावात घेऊन बसला आहे. आणि ज्या 'इंडिगो'साठी काका जीव टाकताहेत, त्याचा मूळ ग्रीक अर्थ नुसता 'भारतातली वस्तू'. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला आपण 'अमेरिकन' म्हणावं आणि त्याच्या घरच्यांनीही त्याला तेच नाव ठेवावं, तसला प्रकार!

याच कारखान्यानं 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. आडोल्फ फॉन बायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ती प्रयोगशाळेत आधीच करून दाखवली होती, पण ती स्वस्तात करायला पुढे बरीच वर्षं लागली. त्यानंतर आपल्याकडची झाडाची नीळ बसली ती बसलीच. चंपारणमध्ये वीस कठ्ठे जमिनीतल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. नीळ विकेना तेव्हा मळेवाले त्या सक्तीतून सोडायचेही पैसे मागू लागले, आणि 1917 साली गांधीजी तिथे पोचले. मी रोज ट्रामनं ऱ्हाइनचा पूल ओलांडते तेव्हा हे सगळं मनात येतंच असं नाही. बहुतेक वेळा मी फोनवर ऐरोलीचा ग्रुपच वाचत असते.

काकांचं उत्तर आलं. "ताई, माहितीबद्दल आभार. पण मुद्दा पारव्याचा आहे." हे मात्र खरं होतं. मी नीळ नीळ करत सुटले होते आणि पारव्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

म्हणून सोमवारी मानहाइमच्या फलाटावर मुद्दाम पारवे बघत उभी राहिले. ऐरोलीच्या बाल्कनीत जाळी लावून ज्यांना हाकलतात, तीच जात. अंग पाटीच्या रंगाचं, पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर ऊन पडलं की हिरवं आणि जांभळं चमकतं. निळं म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. काका अर्धे बरोबर आहेत हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहिते. पण न्यूटनचं तरी काय वेगळं होतं? त्यानं आधी पाचच रंग मोजले होते. नारिंगी आणि इंडिगो मागाहून घातले, कारण त्याला सात स्वरांसारखे सात रंग हवे होते. शिवाय रंग वेगळे ओळखण्यात माझे डोळे फारसे तीक्ष्ण नाहीत, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मग ज्या कुणी शिक्षकानं सहाव्या पट्ट्यासाठी आकाशाऐवजी छपरावर बघून 'पारवा' म्हटलं, त्याच्यावरच का हसायचं?

आणि आपल्या भाषेला रंगांची वानवा आहे असं तर कुणी सांगूच नये. गोखले रोडवरच्या साडीच्या दुकानात जाऊन बसा. चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी, अबोली, विटकरी. तो माणूस धडाधड साड्या उलगडतो आणि एकदाही अडत नाही. मार खाल्लेलं अंग काळंनिळं होतं, विठोबा घननीळ असतो. इथे माझ्या मुलीच्या शाळेच्या रंगपेटीत बारा वड्या आहेत. अल्ट्रामरीन आहे, सायान आहे, इंडिगो नाही, आणि त्यावरून इथल्या पालकांच्या ग्रुपवर अजून तरी कुणी रडलेलं नाही. (त्या ग्रुपवर गेल्या महिन्यात वाढदिवसाच्या केकमध्ये साखर किती असावी यावर तीन दिवस चाललं होतं, ते सोडा.)

"तिथे बसून मराठी शिकवणं सोपं असतं." हे ए विंगमधून आलं. मी काहीतरी खरमरीत लिहायला घेतलं आणि पुसलं. कारण त्याच आठवड्यात मुलीनं इंद्रधनुष्य काढून आणलं होतं, सहाच पट्ट्यांचं. मी म्हटलं, एक राहिला. तिनं विचारलं, कुठला? माझ्या तोंडून निघालं, "इंडिगो." पारवा म्हटलं असतं तर पारवा म्हणजे काय ते जर्मनमध्ये सांगावं लागलं असतं, आणि तिला झोपायला उशीर झाला होता.

माझे बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रंगांच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी आले की कानाच्या पाळीमागे हमखास काहीतरी रंग राहिलेला असायचा, कधी लाल, कधी हिरवा. शाळेच्या गॅदरिंगला ते आले की मी आधी त्यांचे कान तपासायचे. लाज वाटायची म्हणून, दुसरं काही नाही. एकदा रविवारी त्यांनी मोरीत छोट्या बादलीत नीळ, कॉस्टिक आणि हायड्रो घालून पाणी केलं आणि आपला पांढरा रुमाल त्यात बुडवला. मी जवळ गेले तर आई ओरडली. रुमाल बाहेर काढला तो पिवळट हिरवा. मी म्हटलं, फसलं. बाबा म्हणाले, "थांब, हवा लागू दे." दोरीवर टाकल्या-टाकल्या तो कडेनं निळा व्हायला लागला. आधी कडा, मग मधलं, मग चिमट्याखालचा राहिलेला हिरवा ठिपका.

परवा सेक्रेटरींनी ग्रुपवर पोल टाकला. पारवा, इंडिगो की गडद निळा? खाली टीप: 'फक्त प्रत्यक्ष राहणाऱ्या सभासदांनीच मत द्यावे.' मी दिलं नाही. कुणी काय दिलं ते मात्र सगळ्यांना दिसतं. इंडिगोवर सतरा मतं होती आणि त्यात बाबांचं एक.

मी लगेच फोन लावला. भारतात रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

"बाबा, इंडिगो?"

"मग काय? कारखान्यात आम्ही तेच म्हणायचो," ते म्हणाले. "पारवा कोण म्हणतं गं आता? तू जेवलीस का?"